वृद्ध योद्धे आणि जुनीं विमानें

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणें माथ्यावर घेऊनच येतो, असें आपल्या पूर्वजांनीं मानिलें आहे. देवऋण यज्ञानें, ऋषिऋण अध्ययनानें आणि पितृऋण संततीनें फेडावें, अशी व्यवस्थाहि त्यांनीं लावून दिली. परंतु ज्या शिपायानें आपलें तारुण्य रणांगणावर वेंचलें, आणि ज्याच्या जागरणामुळें आपल्या माजघरांतील पाळणे निर्धास्तपणें हलत राहिले, त्याचें ऋण यांपैकीं कोणत्या सदरांत मांडावयाचें? तो आपल्या कुळांतला नसतो. बहुधा त्याचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें. तें ऋण फेडण्याची रीत प्रत्येक समाजास आपापल्या परीनें शोधून काढावी लागते.

बहुतेक देशांनीं ही रीत दगडांत शोधिली. चौथरा बांधावयाचा, त्यावर नांवें कोरावयाचीं आणि वर्षांतून एकदां पुष्पचक्र वाहावयाचें. या रीतीस मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्या चौथऱ्याचें अनावरण मोठ्या समारंभानें झालें, त्यावरचीं अक्षरें पन्नास वर्षांनीं किती जण थांबून वाचतात, हें कोणत्याहि गांवच्या चौकांत घटकाभर उभें राहिलें म्हणजे समजतें. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स व हॉलंड या देशांत गेल्या कांहीं दशकांत याहून निराळी अशी एक रीत रूढ झाली आहे. ज्या जातीच्या विमानांतून ते शिपाई युद्धास गेले, तींच जुनीं विमानें दुरुस्त करून पुन्हां उडवावयाचीं. ज्या शेतांत ते हवाई छत्रीनें उतरले, त्याच शेतांत पुन्हां छत्रीनें उतरावयाचें. आणि हें सर्व त्या युद्धांतून वांचलेल्या वृद्धांच्या डोळ्यांदेखत, क्वचित् त्यांच्याच हातून, घडवून आणावयाचें. प्रथमदर्शनीं हा प्रकार जत्रेंतल्या खेळासारखा वाटण्याचा संभव आहे. तो तसाच आहे कीं त्यांत कांहीं सत्त्व आहे, याचा विचार वाचकांबरोबर करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम त्या विमानाची ओळख करून घेऊं. डग्लस कंपनीचें 'डीसी-३' हें उतारूंचें विमान १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. दुसऱ्या महायुद्धांत त्याचेंच लष्करी रूप तयार झालें. त्यास अमेरिकेंत 'सी-४७' व इंग्रज सैन्यांत 'डाकोटा' म्हणत. असलीं १०,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं. दोन इंजिनें, सुमारें ९५ फुटांचा पंखविस्तार, जमिनीवर असतांना शेपटीकडे कललेलें अंग, आणि डाव्या कुशीस एक रुंद दार, असें त्याचें रूप. आंत दोन्ही भिंतींलगत बांकें असत व त्यांवर पंचवीसएक शिपाई समोरासमोर बसत. छपराखालून एक पोलादी तार गेलेली असे. उडीची वेळ आली कीं प्रत्येकानें उभें राहून आपल्या छत्रीस जोडलेल्या पट्ट्याचा आंकडा त्या तारेंत अडकवावयाचा, पुढच्या सोबत्याची पाठ तपासावयाची, आणि दाराशीं हिरवा दिवा लागतांच एकामागून एक बाहेर पडावयाचें. शिपाई पडूं लागला कीं पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडे. ती उघडण्याचें काम शिपायाकडे सोंपविलेलें नव्हतें, कारण तितका अवकाशच नसे. सहाशें-सातशें फुटांवरून घेतलेली उडी ती; जमीन मिनिटाच्या आंतच पायांशीं येई.

६ जून १९४४ रोजीं दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्यांच्या कांहीं तास आधीं, मध्यरात्रीच्या सुमारास, ८०० हून अधिक विमानांतून सुमारें १३,००० अमेरिकन छत्रीसैनिक किनाऱ्याच्या आंतल्या बाजूस उतरविले गेले. इंग्रज छत्रीसैनिक पूर्वेच्या अंगास उतरले. ढगांमुळें व तोफांच्या माऱ्यामुळें विमानांची रांग मोडली. माणसें नेमलेल्या जागेपासून मैलोगणती दूर पडलीं. जर्मनांनीं मुद्दाम पाण्याखालीं घातलेल्या शेतांत पडून, पाठीवरच्या ओझ्यासह कित्येक बुडाले. सेंत-मेर-एग्लीज या गांवीं जॉन स्टील नांवाच्या शिपायाची छत्री चर्चच्या शिखरास अडकली व तो मेल्याचें सोंग घेऊन तेथेंच लोंबकळत राहिला. त्या शिखरावर गांवकऱ्यांनीं एक बाहुला छत्रीसह टांगून ठेविला आहे व तो पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

आतां २०१९ सालाकडे येऊं. त्या वर्षीं या घटनेस पाऊणशें वर्षें पूर्ण झालीं. अमेरिकेंतून डाकोटांचा एक तांडा कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड व स्कॉटलंड अशा टप्प्यांनीं अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडांत आला. युरोपांतील विमानें त्यास येऊन मिळालीं. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथील विमानतळावरून ५ जून रोजीं हीं जुनीं विमानें खाडी ओलांडून नॉर्मंडीवर गेलीं, आणि जुन्या पद्धतीच्या गोल छत्र्या घेतलेल्या स्त्रीपुरुषांनीं त्यांतून उड्या घेतल्या.

या तांड्यांतील एका विमानाची कथा सांगण्यासारखी आहे. त्याच्या नाकावर 'दॅट्स ऑल, ब्रदर' अशीं अक्षरें रंगविलेलीं आहेत. आपल्या बोलींत 'आटोपलें बाबा तुझें!' असा त्याचा अर्थ करावा. हा निरोप हिटलरसाठीं होता. १९४४ च्या त्या रात्रीं छत्रीसैनिकांच्या मुख्य तांड्याचें अग्रपद याच विमानाकडे होतें. युद्ध संपलें, विमान विकलें गेलें, हातोहातीं फिरत फिरत तें विस्कॉन्सिन संस्थानांतील एका कारखान्यांत येऊन पडलें. त्याचीं जुनीं इंजिनें काढून नव्या धर्तीचीं बसविण्याचा बेत होता. २०१५ च्या सुमारास विमानाच्या क्रमांकावरून त्याची ओळख पटली, हौशी लोकांनीं वर्गणी जमवून तें सोडविलें, आणि २०१८ च्या आरंभीं तें पुन्हां उडालें. एखाद्या घराण्यांतील ताम्रपट मोडींत निघालेल्या भांड्यांत सांपडावा, तसाच हा प्रकार.

परंतु विमानापेक्षां माणूस मोठा. टॉम राइस हे १९४४ सालीं कारेन्तां गांवाजवळ उतरलेले अमेरिकन छत्रीसैनिक. त्या रात्रीं उडी घेतांना त्यांची काख दाराच्या कडेंत अडकली होती व विमानाच्या कुशीवर आदळत ते कसेबसे सुटले होते. २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, त्यांनीं त्याच मुलखांत पुन्हां उडी घेतली. अर्थात् या वयांत एकट्यानें उडी घेणें शक्य नव्हे. अनुभवी उडीकाराच्या छातीशीं वृद्धास पट्ट्यांनीं बांधून दोघांनीं मिळून उतरावयाचें, अशी त्याची योजना असते. तरीहि त्यासाठीं त्यांनीं सहा महिने अंगमेहनत केली. त्याच दिवशीं सानरव्हील येथें ९५ वर्षांचे हॅरी रीड व ९४ वर्षांचे जॉन हटन हे दोन इंग्रज सैनिक याच पद्धतीनें उतरले. रीड हे १९४४ सालीं बिनतारी संदेशाचें काम करणारे विशीचे तरुण होते. पुढें त्यांनीं सारें आयुष्य ख्रिस्ती धर्मसेवेंत घालविलें.

नव्वदी उलटलेल्या माणसानें हा खटाटोप कां करावा? कीर्ति मिळविण्याचें तें वय नव्हे. मला यांतील मर्म निराळें दिसतें. वयाच्या विशींत ज्या दारांतून आपण व आपला सोबती लागोपाठ बाहेर पडलों, त्यांतील सोबती खालीं पोहोंचला नाहीं; आपण मात्र पाऊणशें वर्षें जगलों, लग्नें केलीं, नातवंडें खेळविलीं. हा हिशेब जगलेल्या माणसाच्या मनांत कधींच मिटत नाहीं. पुष्पचक्र वाहून तो मिटत नसेल, तर त्या सोबत्यानें केलेली शेवटची गोष्ट आपण पुन्हां करावी, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. आपल्या श्राद्धविधींत तरी काय आहे? पिंड भाताचाच असतो, पाणी आडाचेंच असतें. गेलेल्यास नांव घेऊन बोलावणें, आणि तो आहे असें समजून आपल्या हातानें कांहीं करणें, यांत त्या विधीचें सार आहे. त्या वृद्धांची उडी मला याच जातीची वाटते.

अशा स्मृत्युड्डाणांस सरकारी संस्थेचें रूप इंग्लंडांत लवकरच आलें. १९५७ सालीं बिगिन हिल येथें तीन स्पिटफायर व एक हरिकेन एवढ्या सामुग्रीवर राजकीय वायुदलानें एक छोटी तुकडी उभारिली. पुढें तिला 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट' असें नांव मिळालें. आतां तिचें ठाणें कॉनिंग्जबी येथें असून एक डाकोटा व एक लँकेस्टर जातीचें बाँबफेकें विमानहि तिच्यापाशीं आहे. लँकेस्टर विमानें एकंदर ७,३७७ बांधलीं गेलीं. त्यांपैकीं उडण्याजोगीं राहिलेलीं दोनच, दुसरें कॅनडांत आहे. इंग्लंडच्या बाँबफेक्या दलाचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी युद्धांत मृत्यु पावले. हा आंकडा विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखविला, तर परीक्षेपुरता तो लक्षांत राहील. परंतु तींच चार इंजिनें डोक्यावरून घुमत गेलीं, आणि 'या विमानांत सात जण बसत व त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आंतले असत' असें कोणी शेजारीं उभें राहून सांगितलें, म्हणजे तो आंकडा मुलाच्या मनांत माणसें होऊन उभा राहतो. पुष्कळ वर्षें इतिहास शिकविलेल्या माणसास याचें महत्त्व सांगावयास नको. सनावळीनें पेंगणारा वर्ग, एखादें जुनें नाणें हातोहातीं फिरूं लागलें कीं कसा ताठ बसतो, तें मीं पाहिलें आहे.

येथवर या रीतीची उजवी बाजू झाली. डावी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. जुनें यंत्र तें जुनेंच. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत एक जुनें बी-१७ बाँबफेकें विमान हौशी उतारूंना घेऊन उडालें, इंजिनांत बिघाड झाल्यामुळें परत वळलें, आणि उतरतांना आदळून सात जण प्राणांस मुकले. १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं डॅलस येथें युद्धकालीन विमानांच्या प्रदर्शनांत दोन विमानें आकाशांतच एकमेकांवर आदळलीं व त्यांतील सहाहि जण गेले. २५ मे २०२४ रोजीं वर सांगितलेल्या इंग्रज तुकडीचें एक स्पिटफायर कॉनिंग्जबीजवळ कोसळलें व स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग हे वैमानिक त्यांत मरण पावले. तेव्हां त्या तुकडीचीं उड्डाणें थांबविण्यांत आलीं, आणि दोन आठवड्यांच्या आंतच आलेल्या नॉर्मंडीच्या ऐंशीव्या स्मृतिदिनास तीं विमानें आकाशांत दिसलीं नाहींत.

मेलेल्यांच्या स्मरणासाठीं जिवंतांनीं मरावें काय? हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, आणि तो आलाच पाहिजे. वस्तुसंग्रहालयांत विमान ठेवा, भोंवतीं कठडा घाला, मुलांना दुरून दाखवा, असें म्हणणारे शहाणे लोक त्या देशांतहि आहेत व त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. माझ्या अल्पबुद्धीस येथें एक भेद करावासा वाटतो. जो वैमानिक किंवा जो वृद्ध सैनिक धोका पूर्ण ओळखून, शिक्षण घेऊन, स्वखुषीनें वर जातो, त्याच्या कृतीस आपण मान द्यावा. तो त्याचा अधिकार आहे. परंतु तिकीट काढून बसलेला उतारू आणि खालीं जमलेला प्रेक्षक हे त्या धोक्याचे भागीदार होऊं नयेत. कनेक्टिकटच्या अपघातानंतर अमेरिकन सरकारनें त्या विमानाच्या चालक-संस्थेचा उतारू नेण्याचा परवाना काढून घेतला, तो योग्यच होता. दुसरें असें कीं, वृद्ध सैनिकास कोणी सजविलेल्या बैलाप्रमाणें मिरवूं नये. त्याची इच्छा असेल तर तो उडी घेईल. नसेल तर खुर्चीवर बसून आकाशाकडे पाहील. आणि मान खालीं घालून घरांत बसावेंसें वाटलें तर तेंहि त्यास करूं द्यावें. आणि तिसरें, गेलेल्यांचीं नांवें घेतलीं जावीं. ज्या समारंभांत विमानाचा वेग व किंमत सांगितली जाते पण मेलेल्यांचीं नांवें वाचलीं जात नाहींत, तो खेळच होय.

ही तिसरी गोष्ट हॉलंडांतील लोकांनीं फार सुंदर रीतीनें साधली आहे. १७ सप्टेंबर १९४४ रोजीं आर्नहेम शहराच्या पुलासाठीं इंग्रज छत्रीसैनिक व पाठोपाठ पोलिश छत्रीसैनिक तेथें उतरविण्यांत आले. मोहीम फसली व शेंकडों तरुण तेथेंच पडले. प्रतिवर्षीं सप्टेंबरांत एडे गांवाजवळच्या माळावर छत्रीसैनिक त्यांच्या स्मरणार्थ उड्या घेतात व सारा मुलूख पाहावयास लोटतो. परंतु त्याहून मला हृद्य वाटतो तो जवळच्या ओस्टरबेक येथील दफनभूमींतला विधि. तेथें शाळेंतील मुलें एकेका थडग्यापाशीं उभीं राहतात आणि सर्व मुलें एकाच वेळीं आपापल्या थडग्यावर फुलें ठेवितात. १९४५ पासून हें चाललें आहे. पहिल्या वर्षीं फुलें ठेवणारीं मुलें आतां स्वतः वृद्ध झालीं किंवा गेलीं. त्यांचीं नातवंडें त्या जागीं उभीं राहतात. विमान वर्षांतून एकदां उडतें. परंतु एका अनोळखी परदेशी मुलाचें नांव आपल्या घरांतील पोराला पाठ असावें, ही व्यवस्था विमानाहून टिकाऊ आहे.

नॉर्मंडीच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाचा एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ५ जून २०२४ रोजीं सानरव्हीलच्या शेतांत तीनशेंच्या वर छत्रीसैनिक उतरले, तेव्हां शेताच्या कडेस फ्रेंच जकातखात्याचे अधिकारी मेज मांडून बसले होते, आणि आकाशांतून उतरलेल्या इंग्रज शिपायांचीं पारपत्रें तपासून त्यांवर शिक्के मारीत होते! १९४४ सालीं ही अडचण नव्हती. जग किती बदललें आहे हें कळण्यास एवढें पुरे. आणि त्या बदललेल्या जगांत १९४४ ची रात्र प्रत्यक्ष पाहिलेले फार थोडे उरले आहेत. टॉम राइसहि २०२२ सालीं, शंभरी ओलांडून, निघून गेले.

हें सर्व परक्यांचें झालें. आपलें काय, असें कोणी विचारील. तर डाकोटा हें विमान आपल्याहि इतिहासांतलें आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरास गेली ती याच विमानांतून. काश्मीरचें खोरें त्या फेऱ्यांनीं राखलें, आणि खुद्द राय त्याच मोहिमेच्या आरंभीं धारातीर्थीं पडले. मे १९४८ मध्यें एअर कमोडोर मेहेरसिंग यांनीं ११,००० फुटांच्याहि वर असलेल्या लेह येथील कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरविलें. शेजारीं जनरल थिमय्या बसले होते.

आणि महाराष्ट्राचा तर याहून जवळचा संबंध आहे. आपल्या सैन्यांतील दुसरी पॅरा पलटण ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हां ती तींत आली. ११ डिसेंबर १९७१ रोजीं दिवस मावळतां मावळतां ही पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालीं, बांगला देशांत टांगाईलजवळ छत्र्यांनीं उतरली. सुमारें सातशें शिपाई होते. त्यांना घेऊन जाणाऱ्या निरनिराळ्या विमानांत जुनीं डाकोटाहि होतीं. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडविण्यासाठीं पूंगली येथील पूल त्यांनीं धरला. दुसऱ्या दिवशीं उत्तरेकडून लढत आलेली पहिली मराठा पलटण त्यांना येऊन मिळाली. एका मुळाच्या दोन पलटणी, एक आकाशांतून व एक भुईवरून, परमुलखांतल्या त्या पुलाशीं भेटल्या! १६ डिसेंबरास ढाका शरण आलें. आमच्या शाळकरी मुलांना पानिपतचा सन पाठ असतो. टांगाईलचें नांव किती जणांनीं ऐकलें आहे?

या ऋणाची जाणीव अगदींच नाहीं असें नव्हे. वायुदलानें टायगर मॉथ व हार्वर्ड हीं जुनीं विमानें दुरुस्त करून उडविलीं. राजीव चंद्रशेखर या गृहस्थांनीं परदेशांत मोडींत निघालेलें एक डाकोटा मिळवून तें इंग्लंडांत दुरुस्त करविलें व २०१८ च्या मे महिन्यांत वायुदलास अर्पण केलें. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे स्वतः डाकोटाचे वैमानिक. तेव्हां हें पितृऋणहि झालें. त्या विमानास 'परशुराम' असें नांव देऊन १९४७ च्या श्रीनगर-मोहिमेची आठवण देणारा व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला गेला. २६ जानेवारी २०२२ रोजीं दिल्लीच्या संचलनांत हें वृद्ध विमान दोन डॉर्नियर विमानांसह राजपथावरून उडालें, आणि त्या रचनेस 'टांगाईल' असें नांव होतें.

परंतु दिल्लीच्या आकाशांत झालें तेवढ्यानें आपल्या घरचें ऋण फिटत नाहीं. १९७१ सालीं विशींत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या घरांत आहे. साताऱ्याकडील अपशिंगे या गांवास तर, घरोघरच्या शिपायांमुळें, 'अपशिंगे मिलिटरी' असेंच म्हणतात. आणि असे निवृत्त सुभेदार, हवालदार, नाईक आपल्या प्रत्येक तालुक्यांत आहेत. कोणी बँकेच्या दारावर पहारा करून घरीं बसला आहे, कोणी मुलाच्या बिऱ्हाडीं नातवास शाळेंत पोहोंचवीत आहे. आपल्या पांढरपेशा घरांतून पलटणींत जाणारे थोडे. पण लिहितां-वाचतां येणारीं माणसें आपल्या प्रत्येक घरांत चार आहेत. तेव्हां जें काम आपल्या हातचें आहे तें तरी आपण करावें. येत्या सुटींत घरांतील एखाद्या मुलास व मुलीस वही देऊन अशा एका आजोबांकडे आदरानें पाठवावें. पलटण कोणती, मोहीम कोणती, बरोबर कोण होते, त्यांतले कोण परत आले नाहींत व त्यांचें गांव कोणतें, एवढें विचारून त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. आजोबा मध्येंच गप्प बसले तर घाई करूं नये. चहा घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें.